तिसऱ्या गियरमधला जावई

उमाशंकर खानापुरे लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे, आणि घर्षण हा त्यांचा हातखंडा विषय होता. ते घर्षणावर बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडत. फक्त स्वतःच्या गाडीतल्या घर्षणाशी त्यांचं कधी पटलं नाही. पहिल्यातून दुसरा गियर टाकला की गाडीतली सगळी मंडळी पुढे जात, दुसऱ्यातून तिसरा टाकला की मागे येत. त्यांची बायको अक्षरा तर गाडीत बसताना केसांतला क्लिप आधी काढून पर्समध्ये ठेवायची. डोक्याला लागतो म्हणायची.

हे सगळं घरातल्या घरात होतं तोवर उमाशंकररावांनी मनावर घेतलं नव्हतं. पण एकदा त्यांनी सासूबाईंना, म्हणजे पार्वतम्मांना, लातूरहून उदगीरला सोडायला नेलं. पार्वतम्मा वाटेत काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नळेगाव आलं तसं “जरा थांबवा” म्हणाल्या, उतरल्या, पदर सावरला आणि समोर उभी असलेली उदगीरची एसटी धरली. जावई बिचारे गाडी घेऊन त्या एसटीच्या मागे मागे उदगीरपर्यंत गेले. एसटीच्या मागच्या काचेतून कुणीतरी पोरं त्यांना हात करत होती. सासू पुढे बसलेली आणि जावई मागून मोकळी गाडी हाकतोय, हे दृश्य निम्म्या उदगीरनं पाहिलं.

त्यात त्यांचे साडू, नांदेडचे शिवमूर्ती, यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. शिवमूर्तींचं कृषी सेवा केंद्र होतं. ते बोलायला सज्जन होते, पण गाडीतून उतरताना डाव्या पायाकडे बघून “याला काय कामच न्हाई राहिलं बगा” असं प्रत्येक वेळी म्हणायचे, आणि म्हणताना उमाशंकररावांच्या डाव्या पायाकडे बघायचे.

अशात अधिक महिना लागला. उदगीरला दोन्ही जावयांचं धोंड्याचं जेवण ठरलं. पार्वतम्मा त्या वेळी नांदेडला थोरल्या लेकीकडे, सिंधुताईंकडे होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सिंधुताईंचा फोन आला.

“अक्षरे, आईला उदगीरला घेऊन कोन येतंय? ह्यांना बियाण्याच्या गिऱ्हाइकातून मान वर करायला टाईम न्हाई. त्या दिवशीबी सकाळी आधी उमरीला अन् हिमायतनगरला जाऊन मंग येणार हायेत. मी जाते संगं.”

फोन स्पीकरवर होता. उमाशंकरराव शेजारून म्हणाले, “मी आणतो की.”

यावर नांदेडच्या बाजूनं जी शांतता पसरली ती पतीपत्नीला लातूरपर्यंत ऐकू आली. मग पार्वतम्मांचा आवाज आला, “डाक्टर म्हणलेत, डोळ्याला हिसका बसू द्यायचा न्हाई. बघा बाबा. न्हाई तर मी आपली एसटीनं येते.”

ऑपरेशन झालेली सासू एसटीनं जेवणाला येणार आणि तिथे जावई पाटावर बसून धोंडे खाणार! उमाशंकररावांनी त्याच क्षणी ठरवलं, की या गाडीचा क्लच असा मऊ करून घ्यायचा की पार्वतम्मांनी स्वतःच्या तोंडानं, शिवमूर्तींच्या देखत, “प्रवास चांगला झाला” असं म्हटलं पाहिजे. आयुष्यात त्यांना याहून जास्त काही नको होतं. निदान त्या आठवड्यात तरी नको होतं.

पहिला सल्ला शेजारच्या वैजनाथकाकांनी दिला. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले होते आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येकाच्या गाडीला मानसिक ब्रेक लावत बसलेले असत. ते शेजारच्या सीटवर बसून एक चक्कर मारून आले, उतरले, आणि थोडा वेळ गेटला धरून उभे राहिले.

“सर, क्लचवर पाय असा ठेवायचा की क्लचला कळलंबी न्हाई पायजे. तुम्ही तर इच्चू मारल्यावानी मारून राहिलात.”

“काका, दोष गाडीत आहे.”

“गाडीतच हाय,” काका म्हणाले, “पण उजव्या सीटवर हाय.”

हे उमाशंकररावांना लागलं. स्वतःच्या पायात दोष असणं फिजिक्सच्या माणसाला परवडत नाही. त्यांनी यंत्रच बदलायचं ठरवलं. मात्र ते नियमानं चालणारे गृहस्थ असल्यामुळे आधी त्यांनी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एका मुलीनं विचारलं, “सर, अपघात कुठे झाला?”

“अपघात नाही झाला. क्लचमध्ये थोडा बदल करायचा आहे. विम्याला चालेल का?”

“बदल केलेला आहे का सर?”

“केला नाही. करण्याआधी विचारतोय.”

पलीकडे सल्लामसलत झाली. आधी विचारणारा माणूस त्यांच्याकडे बहुतेक पहिल्यांदाच आला होता. मुलगी परत आली आणि म्हणाली, “सर, बदल केल्याशिवाय त्याची नोंद घेता येत नाही, आणि नोंद नसलेला बदल केला तर विमा अडचणीत येऊ शकतो. आपली तक्रार बंद करू का?” उमाशंकररावांनी तक्रार केलीच नव्हती, पण ती बंद झाल्याचा मेसेज मात्र लगेच आला. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेवर आपण समाधानी आहात का?

गाडी दयानंदच्या गॅरेजला गेली. दयानंदकडे मुख्यतः ट्रॅक्टर यायचे, आणि जगातली सगळी वाहनं ट्रॅक्टरपासून निघाली असं त्याचं ठाम मत होतं.

“सर, कार काय हाय? ट्रॅक्टरचंच लाडावलेलं लेकरू हाय. सोडून जा बिनधास्त. असा क्लच करून देतो की निस्ता पायाचा वास घेऊन गियर पडला पायजे.”

पहिल्या खेपेला त्यानं आत काहीतरी दणकट बसवलं. “हेवी प्लेट टाकली,” एवढंच तो सांगायचा. त्यानंतर क्लच दाबायला उमाशंकररावांना स्टिअरिंग धरून सीटवरून अर्धं उठावं लागू लागलं. चौकातल्या वाहतूक पोलिसाला वाटलं, सर आपल्याला उठून नमस्कार करून राहिलेत. त्यानं बिचाऱ्यानं उलट नमस्कार केला आणि सगळा सिग्नल त्यांच्यासाठी मोकळा केला. दोन-तीन दिवसांत उमाशंकररावांची डावी मांडी अशी भरून आली की फळ्यासमोर ते एका पायावर उभे राहून शिकवू लागले. पालकांमध्ये सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्याची बातमी पसरली, आणि दोन आया नारळ घेऊन भेटायला आल्या.

दयानंदला हे सांगितलं तर तो आनंदला. “म्हणजे प्लेट भारी बसली!” पण पेडल हलकं करायला आता काय करावं, हे त्याला सुचेना. सुचलं ते वैजनाथकाकांना. त्यांच्या घरी नातीच्या झोळीची स्प्रिंग पडून होती. नात आता शाळेत जात होती, स्प्रिंग रिकामी होती.

“पेडलच्या खाली अडकवा. पाय ठेवला की आपोआप खाली जातंय. एवढं लेकरू झुलवलं तिनं, एक पेडल न्हाई का झुलवणार?”

आता हे कुठल्याही शहाण्या माणसानं हसण्यावारी नेलं असतं. पण उमाशंकररावांनी कागदावर बाणांची आकृती काढली, स्प्रिंगचं बळ कुठल्या दिशेला जातं ते पाहिलं आणि “तत्त्वतः बरोबर आहे” असं जाहीर केलं. शिकलेला माणूस फसतो तो बहुधा याच वाक्याला. दयानंदनं स्प्रिंग अडकवली. पेडल खाली जायला खरोखरच हलकं झालं. वर यायला मात्र ते आपल्या सवडीनं येई, आणि आल्यावरही थोडा वेळ खालीवर होत राही. त्यामुळे गाडी निघताना आधी थोडी पुढे, मग थोडी मागे, मग पुन्हा पुढे अशी डुलायची. मागच्या सीटवर बसलेले वैजनाथकाका भर दुपारी गाढ झोपले.

झोपलेल्या माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून उमाशंकररावांनी चाचणीची रीतसर पद्धत बसवली. लातुरात परीक्षेची तयारी जशी होते तशीच: सराव, चाचणी, चुका, पुन्हा सराव. पुढच्या सीटवर काठोकाठ भरलेला ताकाचा तांब्या ठेवायचा, त्याला सीटबेल्ट लावायचा, आणि गल्लीतून औसा रोडपर्यंत जाऊन यायचं. ताक सांडलं नाही तर पास. अक्षरानं दोन दिवस ताक दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पाणी घ्या की.” उमाशंकरराव म्हणाले, पाणी पारदर्शक असतं, सांडलेलं दिसत नाही. तेव्हापासून गाडीला जो आंबूस वास लागला तो उन्हानं वाढतच गेला. गल्लीतली मांजरं रात्री बोनेटवर झोपायला येऊ लागली.

तोपर्यंत उदगीरचं जेवण तोंडावर आलं होतं. सिंधुताईंनी फोनवर सहज सांगितलं, की आईनं एसटीचं टायमिंग विचारून ठेवलंय. उमाशंकरराव तडक गॅरेजला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

“दयानंद, थट्टा लावलीय का? माझ्या इज्जतीचा सवाल आहे!”

दयानंदवर याचा परिणाम झाला. त्यानं झोळीची स्प्रिंग काढून फेकली, पेडलचा दांडा कापून त्याला एक लोखंडी तुकडा वेल्ड करून लांब केला, आणि क्लचची केबल सतारीच्या तारेसारखी ताणून बसवली. “घ्या सर. आता पाच वर्षं खाली वाकून बघायचं काम न्हाई.”

आणि काय सांगावं! गाडी लोण्यासारखी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा, काही कळेना. ताकाचा तांब्या औसा रोडला जाऊन परत आला तरी थेंब सांडला नाही. वैजनाथकाकांनी तांब्या उचलला, सगळ्यांसमोर ताक पिऊन टाकलं आणि “पास” म्हणाले. उमाशंकररावांचे डोळे पाणावले. अक्षरानं त्या दिवशी केसांतला क्लिप काढला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी नवराबायको नांदेडला पोचले. शिवमूर्ती आणि सिंधुताई आधीच बाहेर पडले होते. पार्वतम्मा डोळ्याला काळा चष्मा लावून, हातात पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीला एक नमस्कार केला, मागे बसल्या आणि पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गाडी निघाली. पार्वतम्मांनी थोड्या वेळानं सीटवरचा एक हात काढला. मग दुसरा. लोहा मागे पडलं तेव्हा त्या पायाची घडी घालून बसल्या होत्या. “उमाशंकरराव, गाडी बदलली काय हो?” असं त्यांनी विचारलं. जावयाला स्वर्ग हाताशी आला.

त्याच वेळी खाली कुठेतरी ‘टण्’ असा आवाज झाला. तिसरा गियर नुकताच पडला होता. उमाशंकररावांनी चौथ्यासाठी क्लच दाबला तर पेडल सरळ जमिनीला टेकलं आणि तिथेच पडून राहिलं. त्यांनी बुटाच्या टोकानं ते वर काढलं. ते पुन्हा पडलं. केबल तुटली होती. पाच वर्षं खाली बघायचं काम नव्हतं, त्यामुळे त्यांनी बघितलं नाही.

शेजारी बसलेल्या अक्षरानं त्यांच्या कानशिलावरचा घाम पाहिला. “काय झालं?” ती पुटपुटली.

“क्लच गेला.”

“मग थांबा की.”

“थांबता येतं. थांबल्यावर निघता येत नाही. गियरमध्ये असतानाच स्टार्टर मारावा लागेल, आणि गाडी उडी मारेल.” त्यांनी आरशातून मागे पाहिलं. काळ्या चष्म्याआड ऑपरेशन झालेला डोळा होता. “आत्यांच्या डोळ्याला हिसका बसेल.”

आता इज्जतीचा प्रश्न मागे पडला होता. उमाशंकररावांना खरोखर भीती वाटली. अक्षरानं वैजनाथकाकांना फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

“तिसऱ्यातच ठिवा,” काका म्हणाले. “वर न्हाई, खाली न्हाई. घुर्र घुर्र करंल, करू द्या. उदगीरला दारात गेल्यावर रेसवरचा पाय काढा अन् गियरचा लिव्हर हळूच मोकळा करा. मधी कुटं थांबू नका. कुनाचा बाप आला तरी न्हाई.”

बाप नाही आला, साडू आला. हिमायतनगर उरकून शिवमूर्ती मागून भरधाव आले, बरोबरीला गाडी आणली आणि काच खाली करून ओरडले, “साडूभाऊ, फुडं हॉटेल हाय! चहा घेऊ!” उमाशंकररावांनी समोर बघत फक्त मान हलवली. शिवमूर्ती हॉटेलवर थांबले. उमाशंकरराव त्यांच्यासमोरून त्याच गतीनं, त्याच गंभीर चेहऱ्यानं निघून गेले. साडूच्या हातातला कप हातातच राहिला.

खरी परीक्षा जळकोटला होती. तिथे पार्वतम्मांच्या थोरल्या बहीण बसम्मा राहायच्या, आणि त्यांनी जावयांसाठी अनारसे करून ठेवले होते. पार्वतम्मांनी फोन करून त्यांना महादेवाच्या देवळासमोर डबा घेऊन उभं राहायला सांगितलं होतं. “दोन मिनटं थांबू,” त्या म्हणाल्या.

देऊळ दिसलं. बसम्मा दिसल्या. त्यांनी हसून डबा पुढे केला आणि गाडी त्यांच्यासमोरून पुढे गेली.

“अहो! ऱ्हायलं की मागं!” पार्वतम्मा म्हणाल्या.

देवळाला वळसा घालून रस्ता परत तिथेच येत होता. उमाशंकररावांनी वळसा घेतला. बसम्मांनी पुन्हा डबा पुढे केला. गाडी पुन्हा गेली. “निल्लो! निल्लो!”, म्हणजे थांब रे थांब, म्हणत बसम्मा मागे निघाल्या, त्यांना रागात आणि घाईत कानडीच येई, आणि ते दोन्ही त्या वेळी होतं. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

“उमाशंकरराव, थांबत का न्हाई तुम्ही?”

“आत्या, थांबलो तर पुन्हा निघताना हिसका बसेल. डॉक्टरांनी सांगितलंय ना.” हे अक्षरशः खरं होतं. त्यांच्या आवाजात जो कंप होता तोही खरा होता.

पार्वतम्मा एकदम दचकून म्हणाल्या, “अन् महादेवाला पुरी प्रदक्षिना? आपल्यात अर्धीच घालत्यात! फिरवा मागं!”

मागे फिरायला रिव्हर्स लागतो आणि रिव्हर्सला क्लच लागतो, हे त्यांना कोण सांगणार? “अधिक महिना आहे, आत्या,” उमाशंकरराव घाईनं म्हणाले, “पुरी चालते. पंचांगात दिलंय.” देवानं माफ करावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात कान पकडले आणि आणखी एक वळसा घेतला. या वेळी बसम्मा पदर खोचून गाडीच्या बरोबरीनं धावल्या, पारावरच्या मंडळींनी “हाव, हाव, जाऊ द्या!” असा जोर दिला, आणि डबा खिडकीतून आत आला. बसम्मांनी धावता धावता जावयाकडे जे पाहिलं ते मात्र कुठल्याच महिन्यात चाललं नसतं.

उदगीरला दारात सगळे जमले होते. शिवमूर्ती केव्हाच पुढे जाऊन पोचले होते आणि ‘साडूभाऊ थांबलेच न्हाईत’ ही तक्रार सगळ्यांना सांगून झाली होती. उमाशंकररावांनी रेसवरचा पाय काढला, लिव्हर हळूच मोकळा केला, आणि गाडी आपली आपण सरकत बरोबर उंबऱ्यासमोर येऊन थांबली. पार्वतम्मा उतरल्या. त्यांनी काळा चष्मा नीट केला आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं:

“नांदेडपासून लोह्यापर्यंतच काय ते गियर बदलले असतील. तिथून हितवर एकदाबी न्हाई! माझ्या डोळ्यासाठी मानूस चहालाबी थांबला न्हाई. लेकसुद्धा एवढं करत न्हाई.”

उमाशंकररावांना एकदम भरून आलं. लाजही वाटली. “आत्या, खरं सांगायचं तर” असं ते बोलायला गेले, तेवढ्यात अक्षरानं त्यांच्या डाव्या पायावर आपला पाय दाबला. तो नीट दाबला गेला आणि नीट वरही आला.

जेवायला दोन पाट मांडले होते. रीतीप्रमाणे थोरल्या जावयाला आधी वाढायचं असतं. पार्वतम्मा धोंड्यांवर तुपाची वाटी घेऊन आल्या, शिवमूर्तींच्या ताटावरून पुढे गेल्या आणि धाकट्याच्या ताटात धार धरली. शिवमूर्तींनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. सिंधुताईंनी छताकडे पाहिलं. नळेगावच्या त्या एसटीनंतर उमाशंकरराव सासुरवाडीला पहिल्यांदा पोटभर जेवले.

हात धुवायला दोघे साडू अंगणात आले तेव्हा शिवमूर्ती बराच वेळ नुसतेच चूळ भरत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “साडूभाऊ, कुटं केलं हो काम?”

“लातूरला. दयानंद म्हणून आहे.”

“नंबर द्या की त्याचा.” ते जरा घुटमळले. “पन माझी ऑटोमॅटिक हाय. माझ्या गाडीला क्लचच न्हाई.”

उमाशंकररावांनी ओले हात पुसले, मोबाईल काढून नंबर पाठवला, आणि साडूच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

“त्याची काळजी करू नका,” ते म्हणाले. “दयानंद बसवून देतो.”